स्थानिक मच्छीमारांच्या मते

माय,

तुझं नाव लेखात कुठं लिहायचं, हे एका संपादकाने मला तीन पत्रांत तीन तऱ्हांनी समजावून सांगितलं. तिन्हींचा अर्थ एकच निघाला, की कुठंच लिहायचं नाही. तू जाऊन एकोणीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुझ्यासाठी म्हणून मी कधी कुणाशी भांडले नाही, आणि भांडले ते एका स्वल्पविरामावरून, हे ऐकून तू हसली असतीस. पदर तोंडाला लावून, खांदे हलवत. मला मात्र हसू येत नाही. कुडव्याच्या या दोन खोल्यांत टेबलापाशी बसून मी सात महिने एकच लेख दुरुस्त करत होते. त्यातला माशांचा भाग केव्हाच लिहून झाला. उरलेला सगळा वेळ संदर्भसूचीत गेला.

संदर्भसूची म्हणजे काय, ते तुला सांगते. आम्ही कॉलेजातली माणसं काही लिहितो तेव्हा प्रत्येक वाक्यामागे सांगावं लागतं की हे आधी कुणी लिहिलं आहे. त्या लिहिणाऱ्यांची यादी शेवटी लावायची. आधी आडनाव, मग नावाचं पहिलं अक्षर, मग टिंब, मग कंसात साल. माशाचं शास्त्रीय नाव तिरप्या अक्षरात, मासिकाचंही तिरप्या अक्षरात, लेखाचं मात्र सरळ. पहिल्यांदा माझा लेख परत आला तो न वाचताच, कारण यादीत आडनावापुढे स्वल्पविराम हवा होता तिथे टिंब पडलं होतं. दुसऱ्यांदा आला, कारण त्या मासिकाने मधल्या काळात आपली पद्धतच बदलली होती आणि आता साल शेवटी हवं होतं. मी सगळी यादी पुन्हा केली. ऐंशीच्या वर नोंदी. स्कूटीवरून कॉलेजला जाताना रेल्वे फाटकापाशी थांबले की डोळ्यांपुढे कंसच दिसायचे. तिसऱ्यांदा मात्र कुणीतरी लेख खरंच वाचला, आणि एका वाक्याखाली रेघ ओढून विचारलं: याला आधार काय?

ते वाक्य असं होतं, की आपल्या भागातल्या जुन्या तलावांत मरळ अंडी घालते ती काठाच्या उथळ पाण्यात, देवधानाच्या, म्हणजे पाण्यात आपोआप उगवणाऱ्या रानभाताच्या झुडपात.

आधार काय म्हणून विचारतात. मी नऊ वर्षांची. श्रावण असेल, कारण देवधान अजून निसवलेलं नव्हतं आणि तू म्हणत होतीस की ऋषिपंचमीपर्यंत दाणा धरला तर भाग्य. आपण दोघी आपल्या गावच्या तलावात, तू कमरेपर्यंत पाण्यात आणि मी छातीपर्यंत, तुझ्या हातात जाळं आणि माझ्या हातात पोरींना देतात ती लहान झोळी. मला पाण्यावर तांबूस ढग दिसला. ढग हलत होता. हजारो पिल्लं, प्रत्येक जिऱ्याएवढं, एकमेकांना धरून फिरत होती आणि त्यांच्या खाली एक काळी पाठ सावकाश सरकत होती. मी झोळी मारली. मोठी मरळ तिच्यात आली आणि माझ्या हातात धरवेना इतकी धडपडू लागली. मला वाटलं आता तू शाबासकी देशील. तू आलीस आणि ओल्या हाताने माझ्या पाठीत एक धपाटा घातलास.

“सोड तिले. लेकुरवारी आहे ते.”

“पन माय, मोठी आहे.”

“मोठी आहे म्हनूनच सोड. तिले नेशीन त हे सारे पिल्ले बगळे खातीन एका दिसात. मंग पुढच्या साली काय धरशीन, चिखल?”

मी झोळी उलटी केली. मग तू मला हाताला धरून देवधानात नेलंस आणि दाखवलंस. झुडपांच्या मधोमध परातीएवढं पाणी मरळीने मोकळं करून ठेवलेलं असतं. गवत तोडून, बाजूला सारून. त्यावर पिवळसर अंडी तरंगतात आणि दोघं नवरा-बायको खाली राखण करतात. तू म्हणालीस, “बाळंतिणीची खोली आहे हे. इथं जाळं आनत नाहीत.” इतकं स्वच्छ प्रात्यक्षिक मला पुढे एमएस्सीलाही कुणी दिलं नाही.

हे मी लेखात लिहू शकत नव्हते, ते ठीक. दुसरीकडच्या तलावांवर लिहिणाऱ्या लोकांनी हेच लिहून ठेवलं आहे, त्यांचे आधार मी दिले. रेघ ओढणाऱ्या परीक्षकाचं म्हणणं वेगळं होतं. या जिल्ह्यातल्या तलावांबद्दल एकच छापील नोंद आहे आणि ती नेमकी उलट सांगते. एका जुन्या अहवालात लिहिलं आहे की ‘स्थानिक मच्छीमारांच्या मते’ इथली मरळ तलावाच्या मध्यभागी, खोल पाण्यात, तळाशी अंडी घालते. मग मी प्रस्थापित माहितीला विरोध कशाच्या बळावर करते?

मी त्या नोंदीचा माग काढला. एका लेखात ती होती, त्याने दुसऱ्याचा आधार दिला होता. दुसऱ्याने तिसऱ्याचा. तिसऱ्याने नुसतं ‘असे आढळते’ म्हटलं होतं. सगळ्यांच्या मागे तोच अहवाल निघाला, टंकलेखन यंत्रावर टाइप केलेला, पानं पिवळी पडलेली. कॉलेजच्या ग्रंथालयात मी तो मागवून घेतला, उभ्याउभ्या उघडला आणि आपल्या गावाचं नाव दिसल्यावर खाली बसले. ग्रंथपालांनी विचारलं, “मॅडम, पानी दूँ क्या?” मी त्यांना काय सांगणार होते? ते ‘स्थानिक मच्छीमार’ म्हणजे तू होतीस. एकटी तू.

तुला तो माणूस आठवतो का? मी सहावीत होते. तो जीपमधून आला, पायात बूट, गळ्यात कॅमेरा. पुरुष सगळे बाजाराला गेले होते म्हणून त्याला आपल्या अंगणातल्या खाटेवर बसवलं. तू कांदा चिरत होतीस. त्याला तुझं बोलणं कळत नव्हतं आणि तुला त्याचं कळत असून तू कळत नाही असं दाखवत होतीस. म्हणून मला मध्ये उभं केलं. मला फार भारी वाटलं होतं. शाळेतली शुद्ध मराठी मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहुण्यासमोर वापरली.

“आईंना विचार, मरळ अंडी कुठे घालते?”

मी विचारलं. तू मान वर न करता म्हणालीस, “मधात. खोल पान्यात. खाली, बुडाले.”

मी तुझ्याकडे बघत राहिले. तू मान वर केलीस आणि माझ्याकडे बघितलंस. तेवढंच. मी त्याच्याकडे वळले आणि म्हणाले, “मध्यभागी. खोल पाण्यात, तळाशी.” त्याने लिहून घेतलं. नंतर त्याने काठावरच्या गवताबद्दल विचारलं आणि तू म्हणालीस, “ते बेकामाचं आहे,” तर मी त्याचं ‘निरुपयोगी’ केलं. तो शब्द मला नुकताच शिकवला होता. अहवालात तो तसाच आहे, माय. निरुपयोगी. माझा शब्द.

जीप गेल्यावर मी तुला विचारलं, “माय, त्याले खोटं काऊन सांगतलं?”

“मंग खरं सांगू? मांगच्या साली कोनीतरी रोडवरच्यायले सांगतलं, पाहलं ना काय झालं? बारीक जाळं घेऊन आले आन पिल्लासकट नेलं सारं. याच्या वहीत गेलं का मंग ते आपल्या हाती रायते का?”

तुझं खरं होतं. रोडवरून आलेल्या त्या बाहेरच्या लोकांनी आदल्या वर्षी काय केलं, ते आपण सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं. वही कुठून कुठं जाते हे अक्षर न येणाऱ्या तुला जितकं कळत होतं, तितकं मला पीएच.डी. झाल्यावरही कळलं नव्हतं. म्हणूनच माझा राग नुसता संपादकावर नाही. तुझ्यावरही आहे. तो आता सांगते.

मागच्या वर्षी उन्हाळ्यात आपला तलाव खोल करायचा ठराव आला. गावाहून काकीने फोन करून मला बोलावलं. ग्रामपंचायतीच्या खोलीत पंधरा-वीस माणसं, पंखा बंद, समोर ठेकेदाराचा माणूस आणि एक तरुण इंजिनिअर. भला मुलगा होता, उद्धट नव्हता. त्याने नकाशा पसरला. पश्चिमेचा आणि पूर्वेचा, दोन्ही उथळ काठ खोदून पाणी वाढवायचं. मी म्हणाले, “काठ खोदू नका, तिथं मासे अंडी घालतात.” त्याने फाईल उघडली आणि मला दाखवलं: काठावरील गवताळ भाग मत्स्यप्रजननाच्या दृष्टीने निरुपयोगी. खाली त्या अहवालाचं नाव.

“हे चूक आहे,” मी म्हणाले.

“हो सकता है, मॅडम. पण तुमच्याकडे संदर्भ आहे का? मला फाईलला काहीतरी लावावं लागते.”

काकी माझ्या शेजारी बसली होती. ती उसळली. “संदर्भ काय पायजे तुले? आम्ही जनम काढला त्या पान्यात. हिची माय पोरीबारीले तेच शिकवत मेली.”

तो म्हणाला, “काकू, मी मानतो. पण कागदावर नाही ना.”

मी तिथं प्राणिशास्त्राची प्राध्यापिका म्हणून बसले होते आणि नकाशावरचा काठ नुसता बोटाने दाखवत राहिले. कागदावर होतं, नेमकं उलट. ते आपण दोघींनीच घातलं होतं, हे मला पुढे ग्रंथालयात तो अहवाल उघडेपर्यंत कळलं नाही. चार दिवसांनी पश्चिमेच्या काठावर यंत्र उतरलं. देवधान मुळासकट वर आलं आणि बांधावर वाळत पडलं. बायका बांधावर उभ्या राहून बघत होत्या. तू जे राखायला खोटं बोललीस, ते त्याच खोट्याने गेलं. मला तुला हलवून विचारावंसं वाटतं, की निदान मला तरी एकदा म्हणायचं होतंस: पोरी, मोठी झालीस की हे पुसून टाक. म्हणाली नाहीस. आणि मीही विसरून गेले. शुद्ध मराठी बोलल्याचं कौतुक तेवढं लक्षात राहिलं.

पाऊस सुरू झाल्यामुळे पूर्वेचा काठ तेवढा वाचला. पुढच्या उन्हाळ्यात त्याची पाळी होती. म्हणून मी हा लेख लिहायला घेतला. काकी आणि गावातल्या तीन बायका रोज पहाटे माझ्याबरोबर पाण्यात उतरल्या. आम्ही मरळीची घरटी मोजली, पाण्याची खोली काठीने मापली, फोटो काढले. काकी साठीच्या पुढची, गुडघे दुखतात, तरी एक दिवस चुकली नाही. मी घरट्यापाशी काठी रोवली की म्हणायची, “हळू व, बाळंतीन घाबरते.” हे सगळं लेखात आहे. तक्ते आहेत, आकडे आहेत. पण परीक्षक अडून बसला तो त्या एका जुन्या ओळीवर. ती नोंद चूक कशी, हे सांगा.

मी विभागप्रमुखांकडे गेले. ते चांगले आहेत, पण त्यांना निवृत्तीपर्यंत कुठलंच झेंगट नको आहे. म्हणाले, “मॅडम, इतना टेन्शन कशाला घेता? ती ओळ काढून टाका. तुमच्या प्रमोशनच्या फाईलला एक लेखच कमी पडते ना?”

“ओळ काढली तर लेखात राहतं काय, सर?”

“लेख राहते ना!”

मी घरी आले आणि खरं ते लिहून टाकलं. इंग्रजीत, साध्या चार वाक्यांत. की त्या अहवालातली माहिती एकाच बाईने दिली होती. ती माझी आई होती. तिने ती जाणूनबुजून चुकीची दिली, जागा लपवण्यासाठी. आणि दुभाषी मी होते. चार वाक्यं लिहायला मला दोन दिवस लागले. पाठवल्यावर इतकं हलकं वाटलं की त्या संध्याकाळी मी मिरचीचा लाल रस्सा केला, तू करायचीस तसा जवस घालून, आणि घाम पुसत पोटभर जेवले.

मग आली ती तीन पत्रं. पहिल्यात लिहिलं होतं की आईकडून मिळालेली माहिती हा ‘व्यक्तिगत संवाद’ ठरतो. तो मजकुरात कंसात द्यावा, नाव आणि नेमकी तारीख देऊन. यादीत मात्र घेऊ नये, कारण वाचकाला तो स्रोत पुन्हा गाठता येत नाही. माय, हे वाक्य मी किती वेळा वाचलं असेल. पुन्हा गाठता येत नाही. मी उत्तर दिलं की तारीख माहीत नाही, श्रावण होता. दुसऱ्या पत्रात त्यांनी माहिती देणाऱ्या व्यक्तीची लेखी संमती मागितली. तू अंगठा उठवायचीस, आणि तो अंगठाही राहिला नाही. मी चिडून लिहिलं की संमती आता कुठल्या पत्त्यावर मागू ते कळवा. तिसरं पत्र फार सभ्य होतं. शास्त्रीय लेखात आत्मचरित्रपर मजकूर टाळावा. शिवाय पूर्वीच्या संशोधकाची माहिती खोटी होती असा आरोप पुराव्याशिवाय छापता येणार नाही. त्याऐवजी दोन निरीक्षणांतला फरक ‘स्थानिक भिन्नतेमुळे असावा’ असं लिहिलं तर लेख याच अंकात घेता येईल.

स्थानिक भिन्नता. एकच तलाव, एकच मासा, एकच बाई. मी लॅपटॉप आपटून बंद केला आणि खोलीत एकटीच ओरडले, अगदी बांधावर ओरडतात तशी. शेजारची बाई दार वाजवून विचारून गेली. दुसऱ्या दिवशी काकीचा फोन आला, ठेकेदाराचा माणूस पूर्वेच्या काठावर खोदाईसाठी चुन्याने आखणी करून गेला होता. मी चार वाक्यं काढली आणि ते एक वाक्य घातलं. सूचीत अहवालाचं नाव, आडनाव, टिंब, साल, सगळं त्यांच्या पद्धतीने. लेख छापून आला.

मी छापील प्रत घेऊन त्याच इंजिनिअरकडे गेले. त्याने पहिलं पान बघितलं, मग एकदम शेवटची यादी उघडली, बोटाने नोंदी खाली खाली मोजत गेला आणि मान डोलावली. “बस, हेच पाहिजे होतं, मॅडम.” मधली पानं त्याने उघडली नाहीत. पूर्वेचा काठ त्याने नकाशातून वगळला. लेखी दिलं. काकीला सांगितलं तर ती म्हणाली, “मंग एवढं सोपं होतं त आधी काऊन नाई केलं?” मला तिच्यावरही राग आला. यंदा त्या काठावर देवधान आहे. पश्चिमेला नुसतं गढूळ पाणी आहे, त्यात बगळाही उतरत नाही.

तर झालं ते असं. काठ राहिला, अर्धा. तुझं खोटं अजून छापील आहे, आता त्याला माझीही साक्ष आहे. तू यादीत नाहीस.

हे सगळं संपादकावर ढकलून मी हे पत्र संपवणार होते. पत्र टाकायला पत्ता नाहीच, कपाटात राहील. पण तुझ्याशी तरी नीट बोलावं. वीस वर्षं मी वर्गात मरळीचं घरटं शिकवते. फळ्यावर परातीएवढं वर्तुळ काढते. पोरं विचारतात, मॅडम, हे कुठल्या पुस्तकात आहे? तिथं मला कुणाच्या नियमाची अडचण नव्हती, तारीख नको होती, संमती नको होती. मी म्हणायचे, आहे एका जुन्या पुस्तकात. आणि स्टाफरूममध्ये चहा पिताना कुणी विचारलंच की तुमची आई काय करायची, तर मी सांगते, गृहिणी होती.